सहा ओळी जळाल्या

१

मंगळवारी भरदुपारी लिनाहुए बेटावरच्या चर्चची उत्तरेकडची भिंत पेटली. माणसं बादल्या घेऊन धावली, ओढ्यापासून भिंतीपर्यंत रांग लागली आणि अर्ध्या तासात आग विझली. बेटावर माणसं उरली होती एकेचाळीस, त्यातली निम्मी साठीच्या पुढची, तरी हे जमलं. पण धूर ओसरल्यावर सगळे भिंतीकडे बघत राहिले, कारण ही भिंत पेटायलाच नको होती.

चर्चच्या चारही भिंतींवर आलेर्से लाकडाची कौलं होती. माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढवलेली, पावसात उभी राहून राखाडी झालेली. जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, त्यांच्यावर आगीपासून राखणारं औषध लावलं होतं. औषध पाण्यासारखं पारदर्शक. लाकडाचा रंग बदलत नाही, चकाकी येत नाही, लावलं की नाही ते बघून कळत नाही. चर्चचं रूप जसंच्या तसं राहावं म्हणून मुख्य बेटावरच्या, जुन्या वास्तू जपणाऱ्या कार्यालयातल्या पिलारबाईंनी ते मुद्दाम निवडलं होतं. लोकांनी मात्र तेव्हाच त्याला ‘पिलारचं पाणी’ नाव ठेवून यथेच्छ हसून घेतलं होतं. अब्दोन मिस्त्रीने ते एकट्याने, अठरा दिवस खपून, ब्रशाने दोन-दोन हात लावलं होतं.

“पाणी ते पाणीच!” क्लोरिंदा ओरडली. तिचं घर चर्चला लागून. कुंपणाशी काटेरी झुडपं जाळायला तिनेच आग लावली होती आणि वारा फिरल्यावर ती आवरली नव्हती, त्यामुळे तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता. “नाहीतर मिस्त्रीने हात आखडता घेतला असेल. दुसरं काय?”

अब्दोन चिगुआय बादली खाली ठेवून खोकत होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, धुराने डोळे लाल. “मी सगळीकडे लावलं होतं,” तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “पण तुमचा विश्वास नसेल तर इथे राहून मी तरी काय करू? पोरगा पुंता आरेनासला बोलावतोच आहे.”

एदेल्मिरा रेमोल्कोयने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बेटावरची शाळा तिने एकतीस वर्षं चालवली होती आणि शेवटची दोन पोरं गेल्यावर तिनेच कुलूप लावलं होतं. आता ती चर्चची फिस्काल होती. पाद्री वर्षातून दोनदा येत, एरवी प्रार्थना सांगायची आणि किल्ली सांभाळायची ती तिने. तिने लग्न केलं नव्हतं. गेली नऊ वर्षं, अब्दोनची बायको ओर्फेलिना वारल्यापासून, रोज दुपारी चार वाजता ती आणि अब्दोन त्याच्या स्वयंपाकघरात चुलीशी बसत आणि एकाच सुक्या भोपळ्याच्या पेल्यातून, एकाच नळीने आळीपाळीने येर्बाच्या पानांचा कडू चहा पीत. बोलणं फारसं होत नसे. पण तो गेला तर दुपारी चार वाजता आपण काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

पिलारबाई रविवारच्या बोटीने येणार होत्या. औषध फसलं असं ठरलं तर चर्चला पत्रे ठोकले जाणार आणि मिस्त्रीचं नाव कायमचं बद्दू होणार. एदेल्मिराकडे पाच दिवस होते.

सगळे पांगल्यावर ती भिंतीच्या जवळ गेली. भोवतालची कौलं काळवंडली होती, पण शाबूत होती. जळाला होता तो भिंतीच्या मधोमध एक तुकडा. सहा ओळी उंच, दोन हात रुंद. आणि त्याच्या कडा अगदी सरळ होत्या, पट्टी धरून आखल्यासारख्या.

२

आग कधी सरळ रेषेत जेवत नाही, हे चुलीवर आयुष्य काढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. बुधवारी सकाळी एदेल्मिरा क्लोरिंदाकडे गेली.

क्लोरिंदा चुलीपुढे उकिडवी बसून फुंकणीने फुंकत होती आणि शिव्या घालत होती.

“या, मास्तरीणबाई. मला पकडायला आलात ना? मीच लावली होती आग, मी कुठे नाही म्हणते? दरवर्षी लावते. पण यंदा म्हणे चर्चला आग लागतच नाही, असं तुमच्या त्या पिलारनेच छातीठोक सांगितलं होतं.”

“मी पकडायला नाही आले. मिस्त्रीला औषध लावताना तुम्ही रोज बघत होतात, म्हणून विचारते. त्याने कधी टाळाटाळ केली का?”

क्लोरिंदा फुंकायची थांबली. खोटं बोलणं तिला जमत नसे, फक्त मोठ्याने बोलणं जमे. “नाही,” ती शेवटी म्हणाली. “पूर्वेच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, दरवाज्यापाशी संपवलं. ओळीमागून ओळ. मी हाक मारली तरी बघायचा नाही. येडाच आहे म्हातारा.”

“आणि नंतर? औषध लावून झाल्यावर भिंतीपाशी कोणी आलं होतं?”

“मला काय माहीत! फेब्रुवारीत पंधरा दिवस मी बहिणीकडे होते. आल्यावर बघते तर दारात चुलीसाठी जळणाची टोपली. कोणी ठेवली देव जाणे, पण भलं होवो त्याचं.” मग तिने चुलीत पाहून पुन्हा एक शिवी हासडली. “भलं कसलं! जुनं आलेर्से म्हणजे काडी दाखवली की भडकतं. आणि हे बघा. अर्धं जळतं आणि अर्धं रुसून बसतं!”

तिने चिमट्याने एक तुकडा बाहेर ओढला. वरचा भाग जळून गेला होता. खालचा गोल कापलेला टोकाचा भाग नुसता काळा पडून तसाच राहिला होता.

एदेल्मिरा त्याच्याकडे बघतच राहिली.

“क्लोरिंदा, यातली तीन मला द्याल?”

“सगळी न्या! माझ्या डोक्याला ताप.”

३

गुरुवारी नोल्बेर्तो कार्कामो धक्क्यावर बोटीचं इंजिन उघडून बसला होता. औषधाची सहाही पिंपं त्यानेच बोटीतून आणली होती. गावात कुजबुज होती की त्याने त्यातलं एखादं वाटेत विकलं असेल.

“विकलं? पाणी विकत घेणारं गिऱ्हाईक या समुद्रात मला दाखवा, मी त्याला बोटच विकतो,” तो हसत म्हणाला. पण हात पुसता पुसता त्याने नजर चुकवली.

“नोल्बेर्तो, मी तुला गुणाकार शिकवला आहे. माझ्यापुढे हे चालणार नाही.”

पन्नाशीचा नोल्बेर्तो एकदम तिसरीत गेल्यासारखा झाला. “बाई, रागावू नका. मिस्त्रीचं काम संपल्यावर शेवटच्या पिंपात बादलीभर उरलं होतं. मी काढून नेलं. मासे धुरवायच्या खोपटाला आतून लावलं. दोनदा पेटलंय ते खोपट. कोणाला विचारलं नाही, एवढंच.”

“काम संपल्यावर? नक्की?”

“आईची शपथ. मिस्त्री ब्रश धूत होता.”

म्हणजे औषध कमी पडलं नव्हतं. उलट उरलं होतं. एदेल्मिरा तिथेच दोरांच्या वेटोळ्यावर बसली. औषधात पाणी मिसळलं असतं तर ज्या भिंतीला ते पिंप लागलं ती सबंध भिंत कच्ची राहिली असती. पुरलं नसतं तर शेवटचा भाग, दरवाज्याजवळचा, कोरडा राहिला असता. मधल्या सहा ओळी निवडून तेवढ्याच सोडायचं कुठल्याच पिंपाला जमत नाही.

परत येताना तिने शिडी लावली आणि जळालेल्या जागी चढून आतल्या फळ्यांना हात लावला. चर्चची कौलं लोहाराच्या हातच्या चौकोनी खिळ्यांनी ठोकलेली होती. भोवताली सगळीकडे तेच होते. जळालेल्या तुकड्यात मात्र ओळीने उभे होते गोल, नवे खिळे.

४

तिसऱ्या प्रहरी तिने आपली चूल पेटवली आणि क्लोरिंदाकडची तीन कौलं एकेक करून आत धरली.

तिन्ही सारखीच वागली. वरचे दोन हिस्से क्षणात पेटले. ज्वाला खाली सरकली आणि एका रेषेशी येऊन थांबली, काळी झाली, विझली. रेषा तिन्हींवर एकाच जागी. भिंतीवर कौल लावलं की वरच्या ओळी त्याला झाकतात आणि फक्त खालचा तिसरा हिस्सा बाहेर राहतो. ब्रश पोचतो तो तेवढ्यालाच. ही कौलं भिंतीवर बसलेली असताना त्यांना औषध लागलं होतं, आणि बेटावर औषध लागलेली कौलांची भिंत एकच होती.

म्हणजे जानेवारीनंतर कोणीतरी चर्चची सहा ओळी कौलं उपटली, तिथे दुसरी, औषध न लावलेली बसवली, आणि काढलेली क्लोरिंदाच्या चुलीला दिली.

आता हे करणारा कोण, याला काही रहस्य उरलं नव्हतं. म्हाताऱ्या बायकांच्या दारात न सांगता जळण ठेवणारा बेटावर एकच होता, अब्दोन. जुनी कौलं निघाली की ती चुलीत जायची, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, आणि आयुष्यभराच्या सवयीने त्याने ती टोपलीत भरली. आपणच ती न जळणारी करून ठेवली आहेत, हे त्याच्या हाताच्या ध्यानातच आलं नसणार. तिला हसू आलं आणि लगेच भीती वाटली.

कारण गोष्टीला काही अर्थच लागत नव्हता. चांगली कौलं विकायला चोरली असं म्हणावं, तर ती चुलीत गेली. कुजली म्हणून बदलली म्हणावं, तर ही तिन्ही ठणठणीत होती. नवी बसवली असती तर पिवळीजर्द दिसली असती आणि कोणीही ओळखली असती. म्हणजे बसवली तीही जुनी, राखाडी, त्याच गोल कापाची. जुन्याच्या जागी जुनं. ते मिळालं कुठून?

घड्याळात चार वाजले. ती शाल घेऊन निघाली.

५

अब्दोनच्या दाराशी ती नेहमीसारखी थांबली, पण दार वाजवलं नाही. नऊ वर्षांत ती या घराच्या स्वयंपाकघरापलीकडे गेली नव्हती. आज ती घराला वळसा घालून मागे गेली.

निजायच्या खोलीची भिंत उघडी होती. तिच्यावरची कौलं काढलेली, नुसत्या फळ्या राहिलेल्या, आणि त्यांच्यावर निळं प्लास्टिक ठोकलेलं. वाऱ्याने ते फडफडत होतं. तिने ओळी मोजल्या. सहा.

कौलं कुठून आली ते कळलं. पण त्याच वेळी दुसरी गोष्टही कळली. जूनपासून या बेटावर चार महिने आडवा पाऊस लागतो. ज्या माणसाला इथे हिवाळा काढायचा आहे, तो आपल्या निजायच्या खोलीची भिंत सोलत नाही. आणि ही भिंत सोलली होती फेब्रुवारीत. आग लागली मार्चच्या अखेरीस.

लोकांच्या बोलण्याने तो निघाला नव्हता. तो आधीच निघालेला होता. ज्याला थांबवण्यासाठी ती तीन दिवस वणवण करत होती, तो महिनाभर तिच्यासमोर बसून येर्बा पीत होता आणि बोलला नव्हता.

“आत या,” मागून अब्दोनचा आवाज आला. “पाणी उकळलंय.”

६

त्याने भोपळा भरून तिच्या हातात दिला. तिने तो तसाच धरून ठेवला.

“केव्हा जाणार आहात?”

“एप्रिलच्या दुसऱ्या बोटीने.” त्याने नजर वर केली नाही. “डॉक्टर म्हणाला, छातीला अजून एक ओला हिवाळा झेपणार नाही. पोराकडे गॅसची शेगडी आहे. सहाव्या मजल्यावर.”

“मला सांगता आलं असतं.”

“रोज ठरवत होतो. चार वाजले की तुम्ही येऊन बसायचात आणि...” त्याला खोकला आला. तो बराच वेळ चालला. “नाही जमलं, मास्तरीणबाई.”

तिला राग आला होता, आणि तो खोकला ऐकून रागावताही येईना. “कौलांचं सांगा,” ती म्हणाली.

“आपल्याकडे माणूस गाव सोडतो तेव्हा अख्खं लाकडी घर बरोबर नेतो. बैल लावायचे, खाली ओंडके घालायचे, सगळं गाव ओढायला येतं. माझ्या बापाचं घर असंच समुद्रावरून आलं. मी माझं सहाव्या मजल्यावर कसं नेऊ?” तो भिंतीकडे बघत होता. “त्या खोलीची कौलं मी आणि ओर्फेलिनाने लग्नाच्या वर्षी ओंडक्यातून फोडून काढली होती. मी फोडायचो, ती टोकं गोल करायची. घर ओस पडलं की दोन वर्षांत कुजून जाईल. म्हटलं, तेवढी तरी माणसांत राहू देत. रविवारी चार माणसं जमतात तिथे. चर्चच्या कौलाचा आणि आमच्या कौलाचा काप एकच, कोणाला कळणारही नाही.”

एदेल्मिराने डोळे मिटले. तीन दिवस ती विचारत होती, इथून काय नेलं. माणूस काहीतरी ठेवून गेला होता.

“आणि औषध?”

“पिंपात उरलं होतं ना, तेच लावणार होतो. उघडलं तर कोरडं ठणठणीत. म्हटलं, पुढची बोट येईल तेव्हा मागवू. तेवढ्यात क्लोरिंदाची झुडपं.” तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. “माझ्या बायकोच्या हातचं तेवढंच राहिलं होतं. तेवढंच नेमकं जळलं.”

बाहेर प्लास्टिक फडफडत होतं. तिने भोपळा त्याच्या हातात परत दिला.

“रविवारी काही सांगू नका,” तो म्हणाला. “म्हणावं, मिस्त्रीने कामचुकारपणा केला. एकाने जायचं म्हटलं की बाकीचेही बोटीच्या वेळा विचारायला लागतात. कामचोर म्हणून गेलो तर कोणी माझ्यामागून येणार नाही.”

“आणि चर्चला पत्रे ठोकतील ते? ऐंशी वर्षांच्या कौलांवर?”

अब्दोनने भोपळ्यात पुन्हा पाणी ओतलं.

७

रविवारी प्रार्थना संपल्यावर एदेल्मिरा उठली. पिलारबाई पहिल्या बाकावर वही उघडून बसल्या होत्या. गाव मागे दाटीने बसलं होतं आणि अब्दोन दारापाशी उभा होता.

तिने जळालेल्या भागाजवळचं एक कौल आणि मिस्त्रीच्या घरचं एक कौल सगळ्यांसमोर काडी लावून दाखवलं. घरचं भडकलं. चर्चचं टोकाशी काळं झालं आणि विझलं. मग तिने सरळ कडा सांगितल्या, गोल खिळे सांगितले, क्लोरिंदाची रुसलेली चूल सांगितली, निळं प्लास्टिक सांगितलं. काही लपवलं नाही. ओर्फेलिनाचं नाव आलं तेव्हा क्लोरिंदाने पदरात तोंड खुपसावं तसं शालीत खुपसलं. बादलीचा विषय तिने टाळला होता, पण नोल्बेर्तो टोपी काढून आपणहून उभा राहिला.

“उरलेलं औषध मी नेलं होतं. नाहीतर मिस्त्रीने ती कौलं तेव्हाच रंगवली असती. माझ्यामुळे झालं हे.”

“औषध चांगलं आहे आणि कामही चांगलं आहे,” पिलारबाई वही मिटत म्हणाल्या. “पत्र्यांचा प्रश्न नाही. नवी कौलं मी पाठवते, एक पिंपही पाठवते. फक्त ते कोरड्या लाकडावरच बसतं. सलग चार दिवस पाऊस नको, आणि तेवढी उघडीप इथे भर उन्हाळ्यातच मिळते. म्हणजे आता थेट जानेवारी. ज्याने आधी लावलं त्यानेच हे पुरं करावं, कामाचा करारच तसा आहे.”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

“जानेवारीपर्यंत थांबतो मग,” अब्दोन म्हणाला. “काम माझं आहे.”

एदेल्मिराच्या छातीत इतकं हलकं वाटलं की तिला स्वतःची लाज वाटली. नऊ महिने. नऊ महिन्यांच्या रोजच्या दुपारी. त्यासाठी तिला काहीही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. अब्दोन पुन्हा खोकायला लागला. त्याने दाराची चौकट धरली, आणि खोकला संपेपर्यंत सगळं चर्च थांबलं.

“नको,” ती म्हणाली. “फिस्काल मी आहे. पुरं करायचं काम मी माझ्याकडे घेते. मिस्त्री, जायच्या आधी मला शिकवा.”

त्याने आठवडाभर शिकवलं. लाकूड कोरडं आहे की नाही ते हाताने कळत नाही, गालाला लावून बघायचं, ओलं असेल तर गार लागतं. औषध दिसत नाही, म्हणून डावीकडून सुरू केलेली ओळ मध्ये सोडायची नाही आणि ओळ संपेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. बोललं की जागा चुकते. एप्रिलच्या दुसऱ्या बोटीने तो गेला. गाव धक्क्यावर आलं होतं. नोल्बेर्तोने त्याच्याकडून भाडं घेतलं नाही, आणि एदेल्मिराने हात हलवला तो बोट दिसेनाशी होईपर्यंत.

जानेवारीत पाऊस थांबला. पाचव्या दिवशी तिने शिडी लावली, भिंतीवर ठोकलेल्या नव्या कौलांना एकेक करून गाल लावला आणि डावीकडून सुरुवात केली. सहाही ओळी तिने तोंडातून अक्षर न काढता रंगवल्या. उतरून घड्याळ पाहिलं तर चार वाजत आले होते, आणि आता बोलायला हरकत नव्हती. फक्त ऐकणारा दूर सहाव्या मजल्यावर होता.